ओळ दोनशे बारा

बांबोळीच्या टेकडीवरचा वर्ग.
एसीतून पाणी गळायचं, खाली कुणीतरी बादली ठेवलेली.
बारा जण, बारा संगणक,
आणि मी सांगत होते,
नावं आधीच काढून टाकलीत, काळजी नको.

पहिला आठवडा झाडलोटीत गेला.
गावकर, गांवकर, गावंकर:
तीन बायका नव्हेत, एकच.
वयाच्या रकान्यात सगळे चाळीस, पंचेचाळीस, पन्नास;
एक्केचाळिसाव्या वर्षी या राज्यात कुणी आजारीच पडत नाही जणू.
आणि ज्यांना वय कुणी विचारलंच नाही
त्यांच्यापुढे नव्व्याण्णव.
आग्नेलने त्यांचीही सरासरी काढली
आणि अख्खा तालुका एका दुपारीत म्हातारा झाला.
हसलो आम्ही. हसण्यासारखंच होतं.

मग ताप आला. म्हणजे तापाची फाइल.
सत्तरीतली, काजूच्या दिवसांतली,
तीनशे चाळीस ओळी.
मी म्हटलं, दिवसागणिक मोजा,
कुठून चढत गेला ते दाखवा.
बोटं चालू लागली.
रुक्मा गावसची थांबली.

स्त्री. चौतीस. गाव सात.
रानात जाणं: होय.
ताप सुरू: अकरा मार्च.
निकाल: मृत्यू.

चहाच्या वेळी ती जवळ आली, कप दोन्ही हातांत धरून.
"मॅडम, गाव सातमध्ये चौतिशीची एकच होती.
माझी धाकटी मावशी.
आणि तारीख चुकलीय.
नऊला ती बोंडू गोळा करून आली
ती अंगणातच बसली, टोपली तशीच भरलेली.
अकराला तिला गाडीत घातली."

मला नियम माहीत होता:
आकडा पाचाच्या आत असला
तर तिथे चांदणी टाकायची,
कोण ते कुणाला कळू नये म्हणून.
(मेलेलं माणूस चांदणी होतं, असं लहानपणी सांगतात.
ते मी बोलले नाही.)
पण जे ओळखायचंच नाही
ते दुरुस्त कसं करायचं?
वीस वर्षं शिकवतेय,
हा प्रश्न कधी पेपरात काढलेला नाही.
"फाइलीला हात लावू नकोस," एवढंच म्हटलं.

तिने लावला नाही.
रविवारी वाळपईची बस धरली,
तिथून दुसरी, मग उपकेंद्रापर्यंत पायी.
लुर्दीन सिस्टरनी कपाटातून वही काढली,
कोपरा वाळवीने खाल्लेला.
सिस्टरनाही आठवत होतं,
अकरा हा गाडीचा दिवस, तापाचा नव्हे.
खोडलं नाही.
एक आडवी रेघ, वर नवी तारीख,
बाजूला सही, आणि बारीक अक्षरात
"नातेवाइकाने सांगितले".
हे सगळं मीच शिकवलं होतं, दुसऱ्या दिवशी, जेवणानंतर,
तेव्हा निम्मा वर्ग पेंगत होता.

महिन्याने नवी फाइल आली.
नाव नाही, गाव सात, ओळ दोनशे बारा.
आलेख दोन दिवस आधी सुरू झाला.
तोवर आम्ही म्हणत होतो, साथ नदीपलीकडून आली;
आता पहिला ठिपका अलीकडे पडला,
गाव सातच्या वरच्या रानापाशी.
पुढच्या काजूला
गोचिडीवर लावायचं तेल
आधी तिकडे गेलं.
त्याने कोण वाचलं, किती वाचले,
ते कुठल्याच रकान्यात येत नाही.

शेवटच्या दिवशी सादरीकरणं.
पाहुणे, समोसे, माइक खरखरणारा.
रुक्माच्या तक्त्यात गाव सातपुढे
तिनेच टाकलेली चांदणी.
मागून कुणी विचारलं,
"इथे नेमके किती होते?"

"पाचाच्या आत," ती म्हणाली,
आणि पुढची स्लाइड लावली.